भांडारकर भित्रे नव्हते

गेल्या पौषात मालवणात एका व्याख्यानाला गेले होते. विषय होता एकोणिसाव्या शतकातला महाराष्ट्र आणि इंग्रजी तत्त्वज्ञान. वक्ते बाहेरगावचे, अभ्यास करून आलेले, आवाज खणखणीत. तासाभरात त्यांनी दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. एक, आपल्या सुधारकांची स्वातंत्र्याची कल्पना मुळात उसनी. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांची पुस्तकं कॉलेजात लागली नसती तर इथे कुणाला व्यक्तिस्वातंत्र्य सुचलंच नसतं. दोन, ज्यांनी ती कल्पना निदान प्रामाणिकपणे उचलली ते आगरकर. बाकीचे, त्यातही रामकृष्ण गोपाळ भांडारकर, शास्त्राच्या पदराआड लपले. शेवटी ते म्हणाले, तुमच्या गावचा माणूस मोठा संस्कृतज्ञ खरा, पण धीराचा नव्हे. टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

मी पस्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. स्वतः शिकले ती भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिके’वर. १८६४ साली निघालेलं ते पुस्तक. आमच्या घरची प्रत आजोबांची, कसरीने कडा खाल्लेली, दर पावसाळ्यानंतर उन्हात घालावी लागे. तेव्हा मालवणात जन्मलेल्या या माणसाबद्दल मला माया आहे, हे आधीच सांगते. पण मी लिहायला बसले ते मायेपोटी नव्हे. ही दोन्ही विधानं चुकीची आहेत, आणि दुसरं अन्यायाचंही आहे.

पहिल्यापासून घेते. मिलचं ‘ऑन लिबर्टी’ १८५९ साली प्रसिद्ध झालं. आमच्याच जिल्ह्यातल्या, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढलं. एका स्तंभात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. म्हणजे राज्यकर्त्याला आणि रयतेला एकाच पानावर एकच मजकूर वाचता यावा. त्या दिवशी मिल पंचवीस वर्षांचा होता आणि लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरी करत होता. हिंदुस्थानातल्या छापखान्यांवरचा परवान्याचा जाच मेटकाफच्या कायद्याने १८३५ साली उठला. ‘दर्पण’ त्याच्याही आधीचं. विधवांच्या पुनर्विवाहाची चर्चा त्यात झाली. १८४३ च्या सुमारास श्रीपत शेषाद्री नावाचा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहून आला, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं म्हणून जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला. एका पोराला आपल्या घरी परत येता यावं की नाही, एवढाच तो प्रश्न. स्वातंत्र्याचा प्रश्न असाच येतो, कुणाच्या तरी दारात उभा राहून. तो कळायला लंडनहून पुस्तक यावं लागत नाही.

पुढे बघा. जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा १८४८ ची. मुंबईतली परमहंस सभा, जिथे तरुण मुलं जातिभेद मोडायला एकत्र जेवत, ती १८४९ ची. विद्यार्थी असताना भांडारकर तिच्यात होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. हे सगळं ‘ऑन लिबर्टी’च्या आधीचं. मग मिलचं पुस्तक आलं तेव्हा काय झालं? ज्यांच्या मनात हे आधीपासून खदखदत होतं, त्यांना ते नेमकेपणाने मांडायची भाषा मिळाली. हे मोठंच काम. ते मी नाकारत नाही. आगरकरांच्या लेखांत मिल आणि स्पेन्सर पानोपानी जाणवतात, आणि मराठी गद्याला त्यातून जो कणखरपणा आला तो आजही पुरतो आहे. पण तहान पाण्याने निर्माण केली, असं कुणी म्हणू नये.

वक्त्यांनी न सांगितलेली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘ऑन लिबर्टी’च्या पहिल्याच प्रकरणात मिल हे तत्त्व कुणाला लागू नाही ते सांगून टाकतो. अज्ञान मुलांना लागू नाही. आणि ज्यांचा समाजच अजून बाल्यावस्थेत आहे, अशांनाही लागू नाही. त्यांना सुधारण्याच्या हेतूने राज्य करणारा हुकूमशहा चालतो. ही दुसरी ओळ लिहिणारा माणूस १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षं आपल्याच देशाच्या कारभाराचे खलिते लिहीत होता. ती ओळ कुणाबद्दल आहे ते वाचणाऱ्याला कळतं. त्याच पुस्तकात मुंबईच्या पारशांचं उदाहरण आहे. हिंदू राजांनी गोमांस खाऊ नका या अटीवर त्यांना आसरा दिला, पुढे मुसलमान अमलात डुकराचं मांसही सुटलं, आणि सक्तीने लागलेली सवय अखेर धर्मासारखी होऊन बसली, असं मिल सांगतो. म्हणजे त्याच्या पुस्तकात आपण आहोत. उदाहरण म्हणून आहोत, हक्कदार म्हणून नाही.

मग पुण्या-मुंबईच्या ज्या तरुणांनी ते पुस्तक उघडून, दार आपल्यासाठी बंद आहे हे दिसत असतानाही, आत पाऊल टाकलं, त्यांना उसनवारीचे म्हणायचं? शेजारणीकडून उसना आणलेला शेर तांदूळ आणि हे यात फरक आहे. शेजारीण तांदूळ हात पुढे करून देते. इथे देणाऱ्याने हात मागे घेतला होता. आपल्या माणसांनी मिलचं तत्त्व मिलच्या अपवादाविरुद्ध वाचलं. पुस्तकातलं कुठलं वाक्य पुस्तकाच्या गाभ्याशी जुळतं आणि कुठलं लेखकाच्या नोकरीशी, हे ओळखून वाचणं ही साधी गोष्ट नाही. त्यालाच समीक्षा म्हणतात.

मिलवर मी राग धरत नाही. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणानंतर इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने सगळा ओघ वळला, तेव्हा इथल्या पंडितांची विद्या आणि इथल्या भाषा मोडीत काढू नका असा मसुदा कंपनीच्या कचेरीत मिलनेच लिहिला होता. वरच्यांनी तो पुढे जाऊ दिला नाही. माणूस एका रंगाचा नसतो. भांडारकरांनाही एवढाच न्याय मिळावा, इतकंच माझं मागणं.

उसनवारीचा आरोप एकाच बाजूवर करायचा, हेही बरोबर नाही. सुधारकांवर तुटून पडणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर घ्या. १८७४ ते १८८२ या काळात ‘निबंधमाले’चे चौऱ्याऐंशी अंक त्यांनी लिहिले, आणि मराठी समीक्षेचा पाया घातला असं म्हटलं तरी चालेल. ती लेखणी जॉन्सन आणि मेकॉले वाचून तयार झालेली. मग मिल वाचला तो परक्यांचा आणि जॉन्सन वाचला तो आपला, असं कसं? शिवाय चिपळूणकरांनी फुल्यांच्या पुस्तकांची जी संभावना केली त्यात भाषेच्या चुकांवर बोट होतं. पण ग्रंथ कुणी लिहिले, कुणासाठी लिहिले, कुणाला वाचू दिले नाहीत, या फुल्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. विद्वत्ता तोंड बंद करायलाही वापरता येते. ती दार उघडायला कशी वापरतात, ते भांडारकरांकडे बघून कळतं.

आता मूळ मुद्दा. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेल्याचा खटला चालला. ९ जानेवारी १८९१ रोजी संमतिवयाचं विधेयक मांडलं गेलं. त्यात मागणी काय होती? शरीरसंबंधासाठी मुलीचं वय दहावरून बारा करा. बारा! आज लिहिताना हात थांबतो. त्यावर पुण्यात रान पेटलं. विरोधकांचं म्हणणं असं की पहिल्या ऋतुदर्शनानंतर गर्भाधान हा संस्कार आहे, तो टाळणं पाप. काही मुलींना बाराच्या आत ऋतू येतो. म्हणजे कायदा धर्मात हात घालतो. टिळकांनी ‘केसरी’तून ही बाजू लढवली. त्यांचा मूळ आक्षेप परक्या सरकारच्या अधिकाराला होता, आणि तो पोकळ नव्हता. आमच्या घरातलं आम्ही बघू, तुम्ही कोण, हा प्रश्न विचारणं म्हणजेसुद्धा स्वातंत्र्य मागणं. पण हे स्वातंत्र्य कुणाचं? नवऱ्याचं, सासऱ्याचं, जातीचं. ज्या शरीरावर ते वापरलं जाणार, ते दहा वर्षांच्या मुलीचं. मिलने मुलांना अपवादात ठेवलं ते त्यांचं रक्षण व्हावं म्हणून, त्यांच्यावर दुसऱ्यांनी स्वातंत्र्य गाजवावं म्हणून नव्हे. सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी असं मानणारा स्पेन्सर आगरकरांना प्रिय होता, तरी ते विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. कारण घरातली सत्ता हीसुद्धा सत्ताच असते, हे त्यांना दिसत होतं.

या वेळी भांडारकरांनी काय केलं? त्यांनी पोथ्या काढल्या. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे विवाहाचं आणि समागमाचं वय कोणतं, यावर त्यांनी इंग्रजीत एक टिपण लिहिलं. वक्ते याला पदराआड लपणं म्हणाले. मी ते टिपण वर्गात कधी शिकवलं नाही, पण ज्या ग्रंथांवर ते उभं आहे त्यांच्याशी माझी ओळख आहे, म्हणून थोडं उलगडून सांगते.

आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहविधीनंतर वधूवरांनी तीन रात्री, बारा रात्री किंवा वर्षभर ब्रह्मचर्य पाळावं असं सांगितलं आहे. साधी ओळ आहे. हजारो भिक्षुकांना ती पाठ असेल. भांडारकरांनी तिला विचारलं: तीन रात्री थांबा असं कुणाला सांगतात? जे चौथ्या रात्री एकत्र येणार त्यांना. आठ वर्षांच्या मुलीच्या लग्नात या वाक्याला अर्थच उरत नाही. म्हणजे हे सूत्र लिहिलं गेलं त्या काळी वधू मोठी होती. मग नंतरच्या स्मृतींत वय खाली खाली का आलं? कारण काळ बदलला, रूढी बदलली आणि ग्रंथ रूढीच्या मागून गेले. मनुस्मृतीचा नववा अध्यायच घ्या. चोवीस वर्षांच्या पुरुषाने आठ वर्षांची मुलगी करावी असं एका श्लोकात आहे. थोडं आधी, गुणहीन वराला देण्यापेक्षा ऋतुमती मुलगी मरेपर्यंत बापाघरी राहिली तरी चालेल, आणि ऋतू आल्यावर तिने तीन वर्षं वाट पाहून स्वतः वर निवडावा, असंही आहे. दोन्ही मनू. माझ्या वर्गातल्या मुली हे वाचून विचारायच्या, बाई, मग खरं कुठलं? मी सांगायची, दोन्ही खरी. दोन वेगळ्या काळांची.

हे उत्तर मी भांडारकरांकडून शिकले. १८८८ साली मुंबईत त्यांनी चिकित्सक, तुलनात्मक आणि ऐतिहासिक पद्धतीवर व्याख्यान दिलं. पुरावा तपासा, साक्षीदार कोण ते बघा, एका ग्रंथाशेजारी दुसरा ठेवा, आणि कुठलीही गोष्ट तिच्या काळात नेऊन वाचा. ‘मालतीमाधव’ची त्यांची आवृत्ती १८७६ ची. भवभूतीच्या नाटकाच्या अनेक हस्तलिखित पोथ्या समोर ठेवून, या पोथीत हा शब्द, त्या पोथीत तो, लेखनिकाची चूक कुठे, टीकाकाराने काय वाचलं असावं, असं ओळीओळीने बघत ती तयार झाली. ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना ते कोरडं वाटतं. पण एकदा का डोळ्याला ही सवय लागली की पोथी पोथी राहत नाही. ती कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी लिहिलेली वस्तू होते. नाटकाच्या पोथीला जो प्रश्न विचारला तोच त्यांनी स्मृतीला विचारला. इंग्लंडात मॅथ्यू आर्नल्डनेही सांगितलं होतं की समीक्षेचं काम म्हणजे समोरची वस्तू आहे तशी बघणं. तो बोलत होता वाङ्मयाबद्दल आणि संस्कृतीबद्दल. इथे तशा बघण्यावर मुलींचे जीव अवलंबून होते.

आगरकरपक्षाचा सगळ्यात जोरकस प्रश्न मी टाळणार नाही. समजा, भांडारकरांना शास्त्रात अनुकूल वचन मिळालंच नसतं तर? सगळे ग्रंथ एकमुखाने म्हणाले असते की दहाव्या वर्षी, तर काय त्यांनी मान तुकवली असती? जे चांगलं ते चांगलं म्हणून करा, ग्रंथाची मंजुरी कशाला, असं आगरकर म्हणत, आणि ते बरोबर होते. माझं मन आजही त्यांच्या बाजूने जातं. पण भांडारकर प्रार्थना समाजाचे होते. कुठलाच ग्रंथ ईश्वराचा शब्द नाही हे तिथलं एक मूळ तत्त्व. त्यांची मान ग्रंथापुढे तुकलेलीच नव्हती. समोरचा पक्ष म्हणत होता, शास्त्र असं सांगतं. हे म्हणणं वस्तुस्थितीचं होतं, आणि खोटं होतं. खोट्याला खोटं म्हणायचं तर ते जिथे उभं आहे तिथे जाऊन म्हणावं लागतं. आगरकर म्हणाले, शास्त्र काही का सांगेना. भांडारकर म्हणाले, शास्त्र तसं सांगतच नाही, आणि ते काय सांगत आलं त्याचा हा इतिहास. पहिल्या वाक्याने बंडखोर तयार होतात. दुसऱ्याने, ज्याला बंड करायची ताकद नाही अशा बापालाही मुलीला दोन वर्षं घरी ठेवता येतं. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला. त्याला दोन्ही वाक्यांची गरज होती.

सरकारची मर्जी राखायला भांडारकरांनी ते टिपण लिहिलं, असंही त्या व्याख्यानात सूचित झालं. त्यांना सरकारी किताब मिळाले हे खरं, आणि राजकारणात ते मवाळ होते हेही खरं. पण बालविवाहाच्या इतिहासावर १८९३ साली ते योली या जर्मन पंडिताशी जर्मन प्राच्यविद्यांच्या नियतकालिकात तेच मुद्दे घेऊन वाद घालताना दिसतात. तोवर कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. तिथे कुठली मर्जी राखायची होती? आणि वाद कागदावर राहिला नाही. त्याच १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं ते १८९३ साली, भांडारकरांच्या घरातल्या लग्नानंतर दोन वर्षांनी. तेव्हाच्या पुण्यात असं लग्न म्हणजे जेवणाच्या पंगती बंद, लग्नकार्यात बोलावणं बंद, नात्यागोत्यात अबोला. प्रेत जाळायला खांदेकरी मिळतील की नाही याचा घोर. हे सोसणाऱ्याला भित्रा म्हणताना वक्त्यांनी निदान हे एक वर्ष तरी सांगायला हवं होतं.

एका बाबतीत मात्र मी आगरकर, टिळक, भांडारकर या तिघांच्याही बाजूला उभी राहत नाही. हा सगळा वाद पुरुषांनी पुरुषांशी केला. रखमाबाईंनी १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त निनावी पत्रं लिहून बालविवाहाने बाईचं काय होतं ते सांगितलं होतं, १८८७ साली कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा म्हटल्यावर तुरुंग चालेल असं त्या म्हणाल्या होत्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या. ज्याला स्वातंत्र्याचा इतिहास सांगायचा आहे त्याने मिलच्या आधी त्यांचं नाव घ्यावं. त्या व्याख्यानाच्या तासाभरात ते एकदाही आलं नाही.

आमच्या घरात आजोबांची बहीण होती. सगळे तिला बायआते म्हणत. जन्म १९०० च्या आसपासचा, लग्न नवव्या वर्षी, बाराव्या वर्षी कुंकू पुसलेलं. १८९१ चा कायदा तिला काय उपयोगी पडला? लग्न त्याने थांबत नव्हतं, वैधव्य तर नव्हतंच. मी तिला पाहिलं ते म्हातारपणी, आलवणात, माजघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेली. मी मोठ्याने धातूंची रूपं पाठ करायची आणि ती ऐकायची. तिला अक्षरओळख नव्हती. एकदा मार्गोपदेशिकेवर हात ठेवून तिने विचारलं, ह्यात काय असतं. मी सांगितलं, ही शिकली की पोथ्या वाचता येतात. तेव्हा ती बोलली. चौदाव्या वर्षी सासऱ्यांनी न्हावी बोलावला होता, भटजी ओटीवर बसले होते, आणि ते म्हणाले की केस ठेवले तर नवऱ्याला परलोकात बंधन, असं शास्त्रात लिहिलं आहे.

“मिया म्हटलंय, खंय लिवलेला आसा ता माका दाखवा.”

मगे, मी विचारलं.

“मगे काय. कोणी दाखवक नाय.” आणि ती पुन्हा सुपातले खडे वेचायला लागली.